आधी वकील, मग कुलूपवाला : अर्देशीर गोदरेज आणि न दिसणाऱ्या पत्र्याची गोष्ट

तालुक्याच्या बाजारात घरगुती तिजोरी आता चार-पाच हजारांत मिळते. मोबाईलवरून मागवली तर दोन-चार दिवसांत दारात येते. राखाडी रंग, समोर आकड्यांची बटणं, नंबर दाबला की पेटणारा हिरवा दिवा, आत काळं मऊ कापड. बायकोचं गंठण, जमिनीचं खरेदीखत, ठेवीच्या पावत्या, कांद्याचे किंवा उसाचे आलेले पैसे त्यात ठेवले की घरधनी निवांत झोपतो.

पण ही पेटी जरा उलटीपालटी करून बघावी. वजन किती, तर आठ-दहा किलो. भरलेली कळशी याहून जड असते. भिंतीला पक्की करायला मागं भोकं असतात, पण ते बोल्ट बऱ्याच घरांत खोक्यातच पडून राहतात. मग चोराला तिजोरी फोडायची गरजच उरत नाही, पेटी काखेला मारून तो उसात शिरला की झालं. दार जाड दिसतं, कारण पत्रा कडेला दुमडलेला असतो, मधे एकेरीच. बाकीच्या पाच बाजू त्याहून पातळ. नंबर विसरला तर उघडायला एक जादा चावी दिलेली असते आणि तिचं कुलूप अनेकदा सायकलच्या कुलपाच्या लायकीचं असतं. आणि आग लागली तर? एकेरी पत्र्याची पेटी म्हणजे भट्टीतला डबा. कागद जळायला त्याला ज्वाळेनं शिवावंच लागतं असं नाही. पावणेदोनशे अंशांच्या आसपास तो आतल्या आत करपतो, आणि पेटलेल्या घरातली उष्णता त्याच्या कितीतरी पट वर जाते.

हे दुखणं आजचं नाही. दिसायला दणकट आणि आतून पोकळ अशा पेट्या सव्वाशे वर्षांपूर्वीही विकल्या जायच्या. त्यावरच ज्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं घातली ते अर्देशीर गोदरेज. नाव घराघरात माहीत आहे. आपल्याकडं लोखंडी कपाटाला गोदरेजच म्हणतात, मग ते कुणीही बनवलेलं असो. माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी, आजोबा सोराबजी. घरचा व्यवहार जमीनजुमल्याचा, खाऊनपिऊन सुखी. आडनाव आधी वेगळं होतं, ते बुर्जोरजींनी १८७१ मध्ये बदलून गोदरेज केलं. सहा भावंडांत अर्देशीर थोरले.

१८९० मध्ये बचुबाईंशी त्यांचं लग्न झालं. वर्षभरात संसार संपला. एप्रिल १८९१ मध्ये बचुबाई आणि नात्यातली पिरोजबाई या दोघी मुंबईचा राजाबाई टॉवर बघायला वर गेल्या आणि टॉवरवरून खाली पडून दोघींचाही जीव गेला. दोघी अगदी तरुण. वर काही गुंडांनी त्यांना गाठलं होतं, असा संशय शहरभर होता. खटला उभा राहिला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, पण आरोपी सुटला. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

त्यानंतर ते वकील झाले. १८९४ मध्ये एका सॉलिसिटर कंपनीनं त्यांना एका पक्षकाराचं काम बघायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारला पाठवलं. तिथं प्रकरण चालवताना त्यांच्या लक्षात आलं, की पक्षकाराची बाजू लढवायची तर ज्याची आपल्याला खात्री नाही तेही कोर्टापुढं खरं म्हणून मांडावं लागेल. ते त्यांच्यानं होईना. समजावणारे होतेच, की वकिली अशीच चालते. पण त्यांनी काम सोडलं आणि १८९५ मध्ये मुंबईला परत आले. शिकलेला, बऱ्या घरचा मुलगा चांगला धंदा सोडून हात हलवत परत आला. घरच्यांना काय वाटलं असेल हे कुणालाही समजेल.

मुंबईत त्यांनी एका औषधांच्या दुकानात रसायनतज्ज्ञाचा मदतनीस म्हणून नोकरी धरली. तिथं डॉक्टरांची हत्यारं बघायला मिळाली. चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेचे चाकू, सगळं विलायतेहून यायचं. हे इथं का होऊ नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये कर्ज काढलं. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. माल तयार झाला, चांगला झाला, घेणारी इंग्रजी कंपनीही खूश. अडलं ते शिक्क्यावर. माल इथं बनला आहे असा शिक्का मारायला कंपनी तयार नव्हती. हिंदुस्थानात बनलेली हत्यारं कोण विकत घेणार, असं तिचं म्हणणं. अर्देशीर शिक्क्याशिवाय माल द्यायला तयार नव्हते. धंदा बुडाला.

वकिली गेली, हत्यारं गेली, अंगावर कर्ज. वय अठ्ठावीस-एकोणतीस.

लालबागची शेड

तेवढ्यात वर्तमानपत्रातल्या एका बातमीकडं त्यांचं लक्ष गेलं. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि लोकांनी आपली कुलपं सुधारावीत, असं खुद्द पोलीस आयुक्तांनी सुचवलं होतं. दिवस आठवावेत. १८९६ च्या पावसाळ्यात मुंबईत प्लेग शिरला होता. माणसं घरांना कुलपं लावून गावाकडं पळत होती, वस्त्यांच्या वस्त्या ओस पडत होत्या. अशा रिकाम्या घराची राखण एकट्या कुलपावर.

ते कुलूप कसं असायचं? स्वस्तातलं कुलूप हाताने, अंदाजानं घासून जुळवलेलं. एकाची चावी दुसऱ्याला लागायची. वाकवलेल्या तारेनंही उघडायचं. चांगलं हवं तर विलायती, आणि त्याची किंमत साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर.

अर्देशीर पुन्हा कामांकडं गेले. एकदा बुडालेल्या माणसाला कामांनी दुसऱ्यांदा पैसे दिले. लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी एक शेड भाड्यानं घेतली. जागा किती, तर जेमतेम २१५ चौरस फूट, म्हणजे खेड्यातल्या घराची एक पडवी. गुजरात आणि मलबारहून डझनभर कसबी कारागीर आणले आणि ७ मे १८९७ रोजी कुलपांचं काम सुरू झालं. लालबाग आज गणपतीसाठी राज्यभर माहीत आहे; तेव्हा तो गिरण्यांचा आणि धुराचा भाग होता.

पहिल्या कुलपांचं नाव होतं अँकर. कुलपासोबत एक छापील कागद दिला जायचा आणि त्यात हे कुलूप चावीशिवाय उघडणार नाही अशी हमी असायची. आज हमीचं कार्ड मिठाईच्या डब्यातही निघतं, त्यामुळं त्याचं काही वाटत नाही. पण तेव्हा देशी कुलपासाठी असं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोरी अडकवून घेणं. कुलूप तारेनं उघडलं, की कारखानदार खोटा पडणार. झांझिबारला जी गोष्ट ते कोर्टात बोलू शकले नाहीत, त्याच्या नेमकी उलट गोष्ट इथं ते लिहून देत होते, कारण याची त्यांना खात्री होती.

चांगल्या कुलपाच्या पोटात काय असतं हे एकदा समजून घेतलं, की पुढची गोष्ट सोपी जाते. आत पातळ पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. चावीचे दात प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलतात. सगळ्या पट्ट्या बरोबर जागी आल्या तरच दांडा सरकतो. एक जरी केसभर खाली किंवा वर राहिली, तरी नाही. म्हणजे कुलपाची ताकद त्याच्या वजनात नसते, पट्ट्या किती बारकाईनं कापल्या आहेत त्यात असते. हातात अर्धा किलोचं पितळी कुलूप घेऊन खूश होणारं गिऱ्हाईक या बाबतीत हमखास फसतं, तेव्हाही आणि आताही.

या पट्ट्या खाली दाबून धरायला स्प्रिंगा लागतात. स्प्रिंग थकते, गंजते, तुटते, आणि मग खऱ्या चावीनंही कुलूप उघडत नाही. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको. यावर उपाय म्हणून अर्देशीर यांनी स्प्रिंगच नसलेलं कुलूप बनवलं आणि १९०९ च्या सुमारास त्याचं पेटंट मिळवलं. आणखी एक कुलूप त्यांनी काढलं, त्याला दोन चाव्या. दोन्ही चाव्यांनी ते उघडायचं, लागायचं. पण मालकाकडच्या चावीनं आतली जुळणी अशी बदलता यायची, की दुसरी चावी त्या क्षणापासून निकामी. दिवाणजीकडं किंवा गड्याकडं चावी देऊन ठेवलेल्या पेढीवाल्यांची मोठीच सोय झाली.

तिजोरीकडं

कुलूप चांगलं झालं. पण ते लावायचं कशाला? लाकडी पेटीला लावलं तर चोर पेटी फोडतो, कुलूप तसंच राहतं. अर्देशीर तिजोरीकडं वळले.

आपल्या लोकांनी धन कुठं ठेवलं याचा इतिहास मजेशीर आहे. चुलीखाली पुरलेला हंडा, भिंतीतलं बळद, तुळईवरची खाच, धान्याच्या कणगीतलं गाठोडं, फार झालं तर लोखंडी पट्ट्या मारलेला शिसवी पेटारा. सावकाराकडं, पेढीवर लोखंडी तिजोरी असायची. श्रीमंतांकडं चब किंवा मिल्नर अशी इंग्लंडहून बोटीनं आलेली. बाकीच्यांकडं इथंच जोडलेली, तिच्यासारखी दिसणारी.

ही इथली जोडकाम केलेली तिजोरीच खरा घोटाळा होता. सहा बाजूंचे सहा पत्रे घ्यायचे, कोपऱ्यांना अँगल लावायचा, रिव्हेट ठोकायचे, वरून जाड रंग. दार भलंमोठं, पितळी मूठ, वर नक्षी. पण चोर दाराशी झटत बसत नाही. तो कोपऱ्याच्या सांध्यात छिन्नी घालतो. एक रिव्हेट उडाला, की पत्रा डब्याच्या झाकणासारखा उचकटत जातो. आगीतही तेच. तापलेला पत्रा फुगतो, सांधा उघडतो, ज्वाळा आत. दाराचं कुलूप बाहेरच्याच पत्र्याला बसवलेलं असलं, तर तो पत्रा सोलला की कुलूपही त्याच्याबरोबर हातात येतं.

म्हणजे सगळी कच्ची कामं जिथं गिऱ्हाईकाची नजर जात नाही तिथं. तिजोरी घेताना माणूस दार उघडतो, लावतो, मूठ फिरवतो. पाठ बघत नाही. तळ तर कधीच नाही. आणि वाईट असं, की खोट कळते ती एकदाच, चोरी झाल्यावर किंवा घर जळल्यावर. तोवर तीस वर्षं ती तिजोरी चांगलीच असते.

अर्देशीर यांनी कागदावर बरेच आराखडे काढले, कारागिरांशी तासन्‌तास बसून चर्चा केल्या आणि शेवटी मुळाशी गेले. सांधाच जर कच्चा दुवा असेल, तर सांधे कमी करायचे. एकच मोठा पोलादी पत्रा घ्यायचा, कागदाचं खोकं दुमडतात तसा तो ठिकठिकाणी वाकवायचा, आणि राहिलेल्या कडा पक्क्या जोडायच्या. बोलायला सोपं आहे. जाड पोलाद कोपऱ्यात काटकोनात वाकवताना त्याला चीर पडते, आणि चीर पडली की तोही कच्चा सांधाच. दार दुहेरी पत्र्याचं केलं आणि कुलूप आतल्या पत्र्याला धरलं, म्हणजे बाहेरचा पत्रा काढून टाकला तरी दार जागचं हलू नये. १९०२ मध्ये गोदरेजची पहिली तिजोरी बाजारात आली.

आगीचा भाग वेगळा आणि जास्त अवघड. पोलाद कितीही जाड असलं तरी उष्णता आत जाणारच. ते तिचा वेग फक्त कमी करतं. यावर इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास एक युक्ती सापडली होती. तिजोरीच्या दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत तुरटीसारखे पाणी धरून ठेवणारे क्षार भरायचे. बाहेर आग लागली, की क्षारातलं पाणी सुटतं, वाफ होते. पाणी आहे तोवर आतलं तापमान उकळत्या पाण्याच्या फार वर जात नाही आणि कागद वाचतो. मातीच्या मडक्यात पाणी उकळतं पण मडकं फुटत नाही, तोच हिशेब. आजच्या चांगल्या तिजोऱ्यांतही दोन भिंतींच्या मधे काँक्रीटसारखं किंवा जिप्समसारखं भरण असतं आणि म्हणूनच त्या उचलायला चार गडी लागतात. चार हजारांच्या पेटीत मधे काहीच नसतं, कारण तिला मधली जागाच नसते.

विलायतेत कुलपवाल्यांच्या दाव्यांची उघड झडती होऊन गेली होती. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं चबचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं होतं. ब्रामाचं कुलूप कुणालाच उघडत नाही अशी ख्याती होती. तेही त्यानं काही दिवस खपून, एकूण पन्नासेक तासांत उघडलं. इंग्लंडभर खळबळ उडाली. पण त्यानंतर तिथली कुलपं सुधारली हेही खरं. आपल्या बाजारात असं कुणी कुणाचं कुलूप चारचौघांत उघडून दाखवत नव्हतं, त्यामुळं वाईट माल बिनघोर खपत होता.

स्वदेशी, पण कुठलीही नाही

याच काळात देशात स्वदेशीची चळवळ पेटली. १९०५ ला बंगालची फाळणी झाली, विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, आपल्याकडं टिळकांनी ती हाक गावोगाव नेली. देशी कारखानदाराला यापेक्षा चांगले दिवस कोणते? माल कसाही असो, देशी आहे म्हटलं की लोक घेत होते. काड्यापेटीच्या काड्या पेटत नव्हत्या, साबणाला फेस येत नव्हता, तरी घेत होते.

अर्देशीर पक्के स्वदेशीवाले. दादाभाई नौरोजींनी देशाचा पैसा बाहेर कसा वाहून जातो हे मांडलं होतं, त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. पण एका मुद्द्यावर ते पुढाऱ्यांशी जुळवून घेईनात. देशी आहे म्हणून वाईट माल लोकांच्या गळ्यात मारणं त्यांना पटत नव्हतं. लोकांनी देशप्रेमापोटी एकदा घ्यावं, दोनदा घ्यावं. तिसऱ्या वेळी ते विलायतीकडंच जाणार आणि देशी शब्दाला कायमचा बट्टा लागणार, हे त्यांना दिसत होतं. साबण वाईट निघाला तर दोन आण्यांचं नुकसान. तिजोरी वाईट निघाली तर माणूस रस्त्यावर येतो. त्यामुळं ते हा मुद्दा इतका का ताणत होते, हे त्यांच्या धंद्याकडं बघितलं की कळतं. चळवळीतल्या काहींना त्यांचं हे बोलणं नक्कीच खुपलं असणार. अर्थात, देशासाठी हात आखडता घेतला असंही नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. तेव्हाचे ३ लाख!

दरम्यान धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले होते. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. थोरल्याचं डोकं नव्या वस्तूत, धाकट्याचं कारखाना चालवण्यात. कंपनीच्या नावातल्या बॉइस या शब्दाची गोष्टही कर्जापाशीच जाते. बॉइस हे मेरवानजी कामांचे भाचे. कामांच्या शब्दाखातर त्यांना भागीदार करून घेतलं. पुढं ते बाहेर पडले, पण गोदरेज अँड बॉइस हे नाव तसंच ठेवलं गेलं. ज्यानं दोनदा पैसे दिले त्याच्या माणसाचं नाव पाटीवरून काढलं नाही, एवढं म्हणता येईल.

तिजोऱ्यांचं नाव वाढत गेलं. १९११-१२ मध्ये इंग्लंडचे राजा-राणी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा राणीच्या मौल्यवान वस्तूंसाठी गोदरेजची तिजोरी वापरली गेली, अशी कंपनीची नोंद आहे. ज्यांच्या माणसांनी एकेकाळी शिक्का मारू दिला नव्हता, त्यांच्याच राणीचे दागिने आता मुंबईच्या पेटीत. पण देशभरच्या पेढ्या, सराफ आणि बँका यांनी तिजोरी घेणं हे धंद्याच्या दृष्टीनं राणीपेक्षा मोठं होतं. सराफ पत्रा वाजवून घेणारी जात. त्याला राणीचं कौतुक नसतं.

१९२० च्या आसपास अर्देशीर एकदम साबणाकडं वळले. तेव्हाच्या साबणात जनावरांची चरबी असायची. हिंदू, मुसलमान, जैन, प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या चरबीची अडचण, पण पर्याय नव्हता आणि चरबीशिवाय साबण होत नाही असं जाणकारही सांगत. अर्देशीर यांनी निव्वळ वनस्पती तेलापासून साबण करून दाखवला. त्याचं नाव काय ठेवलं, तर चावी. कुलूपवाल्याचा साबण. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या माणसानं पुढं गोदरेजच्या साबणाची शिफारस केली. इथंही खोड तीच दिसते. वडीवर काय छापलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आत काय घातलंय ते बघायचं. १९२३ पासून कंपनी पोलादी कपाटंही करू लागली, आणि हेच कपाट पुढं लग्नाच्या रुखवतात जाऊन बसलं.

१९२८ मध्ये अर्देशीर यांनी सगळा कारभार पिरोजशांकडं सोपवला. वय साठ. मूलबाळ नव्हतं. मुंबई सोडून ते नाशिककडं शेती करायला गेले. कुलपं, तिजोऱ्या, साबण यांत नाव काढलेला माणूस शेवटी मातीत हात घालायला आला, ही गोष्ट आपल्या भागात तरी अधिक माहीत असायला हवी होती. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

एप्रिल १९४४

त्यांच्या तिजोरीची सगळ्यात मोठी परीक्षा ते गेल्यानंतर आठ वर्षांनी झाली. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसाला आग लागली आणि संध्याकाळच्या सुमारास जहाज दोनदा प्रचंड आवाज करून फुटलं. शेकडो माणसं मेली. पेटलेला कापूस गोदीलगतच्या वस्तीवर पडला, गोदामं, पेढ्या, घरं दिवसेंदिवस जळत राहिली. सोन्याच्या विटा उडून लांब लांब जाऊन पडल्या.

आग विझल्यावर व्यापारी आपापल्या राखेशी आले. ढिगाऱ्यातून तिजोऱ्या काढल्या गेल्या, काळ्या पडलेल्या, रंग जळालेला, मुठी वितळलेल्या. त्यांतल्या गोदरेजच्या तिजोऱ्या उघडल्या तेव्हा आतले कागद आणि रोकड शाबूत निघाली, आणि ही गोष्ट तोंडोतोंडी देशभर गेली. जाहिरातीला जे जमलं नसतं ते त्या राखेनं केलं. पिरोजशांनी त्याआधी वर्षभर विक्रोळीला जमीन घेतली होती. त्याच विक्रोळीच्या कारखान्यात पुढं देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या तयार झाल्या. त्या आपल्या खेड्यापाड्यांत बैलगाडीतून आल्या आणि गेल्या.

आज तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० नावाचं सरकारी मानक आहे. पत्रा, दार, कुलूप, फोडायला लागणारा वेळ, असं सगळं त्यात येतं. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पेट्यांच्या खोक्यावर हा आकडा शोधावा. बहुतेक वेळा सापडत नाही. त्याऐवजी डिजिटल, स्मार्ट, हेवी ड्युटी असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. पेटी घेतलीच असेल तर निदान ती भिंतीला आणि तळाला बोल्टनं पक्की करावी, कारखान्यातून आलेला नंबर पहिल्या दिवशी बदलावा, जादा चावी त्याच कपाटावर ठेवू नये आणि खरेदीखताची नक्कल दुसऱ्या घरी असू द्यावी. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये बरं.

तालुक्यातल्या जुन्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत गेलं, तर कोपऱ्यात एखादी हिरवट-राखाडी जुनी तिजोरी अजून दिसते. तिच्याखालची फरशी दबलेली असते. कार्यालय नव्या इमारतीत हलवताना ती न्यायला क्रेन लागते म्हणून काही ठिकाणी ती तिथंच ठेवून भिंत बांधून घेतात. आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगवाला नव्या नवरीसाठी पातळ पत्र्याचं कपाट जोडत असतो, वर आरसा, आत छोटा चोरकप्पा, त्याला ऐंशी रुपयांचं कुलूप. त्यालाही सगळे गोदरेजच म्हणतात.